भोगी ते कर: पिशवीतल्या ड्रोनसह निफाड आणि येवला

१२ जानेवारी, नाशिक

पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा संक्रांतीसाठी घरी आला, तेव्हा त्याच्या कपड्यांच्या पिशवीपेक्षा ड्रोनची पिशवी मोठी होती. बेत त्याने आधीच आखून ठेवला होता. बोरगडाचा कडा, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, निफाडला माझ्या मेव्हण्यांची द्राक्षबाग, ममदापूरची काळविटे आणि शेवटी येवल्याचा पतंगोत्सव, आणि हे सारे त्याला आकाशातून टिपायचे होते. माझी तीस वर्षे बँकेत कर्जाचे दस्तऐवज तपासण्यात गेली, त्यामुळे कोणताही बेत ऐकला की त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते आधी पाहण्याची मला खोड आहे. म्हणून जेवणाआधी आम्ही दोघे ‘ड्रोन नियम, २०२१’ उघडून बसलो.

हे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले आणि त्यांत जवळजवळ सगळे काही वजनावर ठरते. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’, आणि २ ते २५ किलोचा ‘स्मॉल’. नॅनो उडवणाऱ्याला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही आणि तृतीय पक्ष विमाही सक्तीचा नाही. मायक्रो केवळ हौसेसाठी उडवायचा असेल तर प्रमाणपत्रातून सूट मिळते, विम्यातून मात्र मिळत नाही. भाच्याचा ड्रोन २०२१ मध्ये घेतलेला, खोक्यावर २४९ ग्रॅम छापलेला. मी तो सौभाग्यवतींच्या केकचे साहित्य मोजण्याच्या काट्यावर ठेवला. आकडा थरथरला आणि २४९ वर स्थिरावला. मग त्याने अभिमानाने पंख्यांभोवती बसवायची संरक्षक जाळी काढली आणि चारही बाजूंनी अडकवली; काटा २८६ वर गेला. पंख्यांनी कोणाला इजा होऊ नये म्हणून लावायची ती जाळी, आणि नेमकी तीच लावल्यावर ड्रोन नॅनोच्या वर्गातून बाहेर पडून विम्याच्या सक्तीखाली येत होता. नियम करणाऱ्यांच्या मनात असे काही नसणार, पण काटा खोटे बोलत नाही. जाळी घरीच राहिली.

विम्याचे कलम मी दोनदा वाचले. नियम ४४ मध्ये ड्रोनसाठी वेगळी यंत्रणा उभारलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील तृतीय पक्ष विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह ड्रोनला लागू होतील, एवढेच तेथे म्हटले आहे, आणि त्यालाच जोडून नॅनोला विम्याविना उडण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आपल्या दुचाकीच्या विम्याचे तत्त्वच येथे आहे: तुमच्या यंत्रामुळे दुसऱ्याच्या जिवाचे वा मालमत्तेचे जे नुकसान होईल त्यासाठीचा विमा सक्तीचा, आणि स्वतःच्या यंत्राचा घ्यावा की नाही हा तुमचा प्रश्न. भाच्याने यातून “आपल्याला विमा लागतच नाही” असा अर्थ काढला. मी त्याला एवढेच म्हणालो की विमा न घेण्याची मुभा ही भरपाई न देण्याची मुभा नव्हे. त्याने मान डोलावली, आणि ऐकलेले मनात उतरले नाही की तो जशी मान डोलावतो, तशीच ती होती.

१३ जानेवारी, भोगी: बोरगड आणि निफाड

निघण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहिला. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते आणि तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच चालत नाही. आमच्या शहराचे दुखणे असे की एका बाजूला ओझरचा विमानतळ, मध्ये गांधीनगरचा लष्करी हवाईतळ, दक्षिणेला देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिक रोडला नोटांचा छापखाना. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला हे शहर देवळांचे आणि द्राक्षांचे वाटते; नकाशा पाहिल्यावर ते फौजेचेही आहे हे कळते.

बोरगड हे महाराष्ट्रातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ मध्ये घोषित झालेले. पेठ रस्त्याने रामशेज किल्ला डावीकडे-उजवीकडे करत आपण त्याच्या पायथ्याशी पोहोचतो. माथ्यावर हवाई दलाचे ठाणे आहे, त्यामुळे तेथे ड्रोनची गोष्ट काढण्यातही अर्थ नव्हता, आणि भाच्यानेही ती काढली नाही. कड्याच्या कपारींत लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे. ही गिधाडे हिवाळ्यात घरट्यावर बसतात आणि वर्षाला एकच अंडे घालतात. घाबरून आईबापांनी घरटे सोडले तर त्या जोडीचे ते वर्ष वाया जाते. डायक्लोफेनॅक या जनावरांच्या औषधाने देशातील गिधाडांचा जो संहार झाला, त्यानंतर २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, परंतु उरलेल्या एकेका पिलाची किंमत त्यामुळे कमी झालेली नाही. आम्ही दुर्बिणीतून कपारीवरची पांढरी विष्ठेची ओघळ पाहिली, चहा घेतला आणि निघालो.

दुपारी निफाडला मेव्हण्यांच्या वस्तीवर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी जेवलो. ड्रोन पाहून मेव्हणे म्हणाले, “दाजी, एवढ्याशा यंत्रात औषध किती मावणार?” त्यांच्या लेखी ड्रोन म्हणजे फवारणीचा, शेजारच्या गावात १० लिटरच्या टाकीचा ड्रोन त्यांनी पाहिला होता. तो उडवणारा प्रमाणपत्रधारक असतो, दहावी उत्तीर्ण आणि १८ ते ६५ वयाचा असावा लागतो, आणि त्याचे प्रमाणपत्र १० वर्षे चालते, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्याकडे पाहिले. त्याने यंदा दहावी द्यायची आहे.

१४ जानेवारी, संक्रांत: नांदूरमध्यमेश्वर, आणि दुपारची गोष्ट

पहाटे निफाडची थंडी हाडात शिरत होती. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला पारा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात का छापून येतो, हे अशा पहाटेच समजते. वस्तीवस्तीवर बागांच्या बांधावर शेकोट्यांचा धूर होता. मण्यांत पाणी उतरण्याच्या दिवसांत गारठा वाढला की बागाईतदार रात्रभर झोपत नाही.

नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधला गेला. वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून दोन्ही कालव्यांनी पुढे जाते. बंधाऱ्यामागे शंभर वर्षे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जे नुकसान होते ते पक्ष्यांच्या दृष्टीने घर ठरले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली. लोणार आणि ठाणे खाडी त्यानंतरची. चापडगावच्या बाजूने प्रवेश घेऊन, गावातल्याच एका तरुण गाईडला बरोबर घेऊन आम्ही निरीक्षण मनोऱ्यावर पोहोचलो, तेव्हा धुके पाण्यावर हातभर उचलले गेले होते.

भाच्याने प्रवेशद्वारावरच पिशवीवर हात ठेवून विचारले होते, आणि तेथील वनरक्षकाने अगदी शांतपणे “आत न्यायचा असेल तर पिशवीतच राहू द्या” असे सांगितले होते. मनोऱ्यावर पोहोचल्यावर त्याने वाद माझ्याशी सुरू केला. त्याचे म्हणणे असे: कायदा माणसाच्या प्रवेशाबद्दल बोलतो; आपण कालव्याच्या बांधावर, हद्दीबाहेर उभे राहून उडवला आणि नकाशावर क्षेत्र हिरवे असले, तर आपण आत गेलोच नाही. युक्तिवाद वकिली होता आणि मला तो आवडलाही. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २७ प्रवेशावर थांबत नाही. त्याचे चौथे उपकलम कोणत्याही वन्य प्राण्याला त्रास देण्यास वा छळण्यास मनाई करते. कलम ३५ ने हे बंधन राष्ट्रीय उद्यानांना लागू आहे, आणि कलम ३६-अ ने बोरगडासारख्या संवर्धन राखीव क्षेत्रांनाही. छायाचित्रणासाठी प्रवेश हवा असेल तर कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रीकरणही आले, मात्र अधिवासात बदल न करता आणि अधिवासाला वा प्राण्यांना बाधा न पोहोचवता, या अटीवर. याच दुरुस्तीने कायदा मोडल्याबद्दलचा सर्वसाधारण दंड २५ हजारांवरून १ लाखापर्यंत नेला, आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होतीच. हिरवा रंग हवाई वाहतुकीपुरता असतो. खाली पाणी कोणाचे आहे हे त्या नकाशाला ठाऊक नसते. शिवाय अनेक उद्याने आणि अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये ड्रोन आणि गरम हवेचे फुगे यांचे उड्डाण ‘नियंत्रित’ कामांच्या यादीत असते, त्यामुळे हद्द ओलांडली की सुटलो असेही धरून चालता येत नाही.

हे सगळे मी बोललो, पण भाच्याला पटले ते पुढच्या दहा मिनिटांत, आणि त्यात माझा वाटा नव्हता. समोरच्या उघड्या पाण्यावर वारकऱ्यांचा मोठा थवा होता. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून या पक्ष्याला आमच्याकडे वारकरी म्हणतात. पलीकडे चक्रवाकांच्या जोड्या, गवताच्या कडेने जांभळ्या पाणकोंबड्या, आणि दूरच्या बेटावर डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. गाईडने हलकेच भाच्याचा दंड धरला आणि गवतावरून संथ तरंगत येणारा एक तपकिरी शिकारी पक्षी दाखवला, दलदली भोवत्या. तो अजून दोनशे मीटरवर होता. वारकऱ्यांनी खाणे थांबवले. विखुरलेला थवा आक्रसत आक्रसत एका काळ्या चटईसारखा झाला, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. भोवत्या आणखी खाली आला, तशी ती चटई पाण्यावर धावत उठली. पायांच्या थपथपाटाचा आवाज मनोऱ्यापर्यंत आला आणि क्षणभराने बदकेही उठली. भोवत्याने काहीच धरले नाही, वळून गेला. थव्याला पुन्हा खाली बसून चरायला लागायला आमच्या घड्याळाने अकरा मिनिटे लागली.

“वरून काही आलं की त्यांना ते असंच दिसतं, साहेब,” गाईड म्हणाला. “भोवत्या दिवसातून चार चकरा मारतो. ड्रोनवाला एकाच जागी अर्धा तास घिरट्या घालतो. मग ह्यांनी खायचं कधी? फेब्रुवारी-मार्चात परत एवढं लांब उडायचं असतं.”

भाच्याने पिशवीची चेन, जी मनोऱ्यावर चढताना अर्धी उघडली होती, ती लावली. मग त्यानेच मला अमेरिकेची गोष्ट सांगितली. तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेने जून २०१४ मध्ये उद्यानांत ड्रोनवर बंदीचा आदेश काढला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यलोस्टोनमधील ‘ग्रँड प्रिझमॅटिक’ या गरम पाण्याच्या रंगीत कुंडात एका पर्यटकाचा ड्रोन जाऊन पडला. त्या बंदीच्या भंगासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५ हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे त्याला पूर्वीपासून ठाऊक होते, तर पुण्याहून ड्रोन आणला कशाला, हे मी विचारले नाही.

दुपारी मेव्हण्यांच्या बागेत मात्र उडवायला काहीच हरकत नव्हती. जमीन त्यांची, क्षेत्र हिरवे, विमानतळ लांब. थॉमसन जातीचे घड निर्यातीसाठी कागदात गुंडाळलेले, इंग्रजी वाय आकाराच्या मांडवावर ओळीने टांगलेले. वरून ती बाग पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसत होती आणि पडद्यावर ती पाहताना मेव्हणे पहिल्यांदाच त्या यंत्रावर खूश झाले. ड्रोन तीसेक मीटरवर होता. संक्रांतीची दुपार, गावातल्या पोरांचे पतंग पलीकडच्या वस्तीवरून तिरपे आलेले आम्हाला दिसत होते, पण पतंग दिसतो, त्याचा मांजा दिसत नाही. तो दोनशे मीटर लांब असू शकतो हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. पडदा एकदम तिरका झाला, आभाळ आणि बाग एकमेकांवरून फिरली, आणि आमच्या नव्हे, बांधापलीकडच्या शेजाऱ्यांच्या बागेतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला.

ड्रोन दोन ओळींच्या मध्ये, मांडवाच्या तारेवर आपटून पडला होता. एका पंख्याच्या आसाभोवती नायलॉनचा मांजा दोऱ्याच्या रिळासारखा घट्ट गुंडाळलेला होता, हिरवा, सोडवू गेले तर बोट कापणारा. या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. एक भुजा मोडली होती, कॅमेरा वाचला होता. चार घडांचे कागद फाटले होते आणि त्यांतले मणी चिरडून रस कागदावर पसरला होता. शेजारी आले, वाकले, घड हातात घेतले आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैशाचं नाही. तुटलेलं पातं आत कुठं राहिलं आणि पेटीत गेलं तर अख्खा माल परत येतो.” आम्ही तिघे तासभर गुडघ्यांवर बसून मांडवाखालची माती हातांनी चाळत होतो. पात्याचे सगळे तुकडे जुळवून कागदावर ठेवले तेव्हाच शेजारी उठले. फुटलेल्या घडांचे आणि शेजारच्या दोन ओळींतले डागी निघण्याची शक्यता असलेल्या मालाचे मिळून २,२०० रुपये मी आग्रहाने दिले. त्यांनी नको-नको म्हणत घेतले, आणि वर तिळगूळही दिला.

संध्याकाळी मी आमच्या ओळखीच्या विमा एजंटाला फोन लावला. त्याने सांगितलेले थोडक्यात असे: नॅनोसाठीही तृतीय पक्ष विमा घेता येतो, सक्तीचा नसला तरी, तो घेतलेला असता तर शेजाऱ्यांचे पैसे त्यातून मागता आले असते, ड्रोनची मोडलेली भुजा नाही, कारण ती स्वतःच्या नुकसानीच्या वेगळ्या विम्यात येते. दोन्ही प्रकारांत पॉलिसीच्या अपवादांत बेकायदा उड्डाण असते. म्हणजे हाच अपघात सकाळी अभयारण्यावर झाला असता, तर विमा असूनही तो कागदापुरता राहिला असता. घराचा विमा आणि प्रवास विमा यांत ड्रोन गृहीत धरू नये, हेही त्याने न विचारता सांगितले. भाचा वहीत लिहून घेत होता. मोडलेली भुजा मागवता येणार होती. ९ फेब्रुवारी २०२२ पासून अख्खे ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही.

मांजा सोडणाऱ्या पोराला शोधावे का, असा एक विषय जेवताना निघाला. मेव्हण्यांनी तो हसण्यावारी नेला, कारण शोध घेतला असता तर तो बहुधा त्यांच्याच धाकट्यापाशी येऊन थांबला असता.

१५ जानेवारी, कर: ममदापूर आणि येवला

ममदापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात आम्ही ड्रोनविना गेलो. तो मोडलेला होता म्हणून, असे भाचा म्हणाला, आणि मी ते तसेच मान्य केले. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे हे माळरान काळविटांसाठी राखलेले आहे. उन्हे वर येईपर्यंत एक कळप दिसला, पुढे काळा नर, मागे पिवळसर माद्या, आणि रस्त्यावरून दुचाकी गेली तशा त्या सगळ्या उड्या मारत खुरट्या गवतापलीकडे नाहीशा झाल्या. एका दुचाकीला एवढे, असे मनात आले, बोललो नाही.

येवल्यात दुपारी पोहोचलो तेव्हा गच्च्यांवर माणूस मावत नव्हता. भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस हे गाव आभाळाकडे तोंड करून असते. गल्लीगल्लीत हलकडी हे वाद्य वाजते, आणि पतंगाचा दोरा ज्या लाकडी चक्रावर गुंडाळतात त्याला येथे फिरकी नव्हे, आसारी म्हणतात. एका ओळखीच्या घरी गच्चीवर जागा मिळाली. यजमानांनी आवर्जून सुती मांजाच ठेवला होता, आणि तो नायलॉनपुढे टिकत नाही अशी तक्रारही तेच करत होते.

तेथे उभ्या उभ्या मला एक गोष्ट आठवली आणि मी ती भाच्याला सांगितली. १९३४ च्या विमान अधिनियमात विमानाची जी व्याख्या होती, तीत फुगे आणि ग्लायडर यांच्या जोडीने पतंगाचाही उल्लेख होता. १ जानेवारी २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. म्हणजे काल बागेवर झाली ती जुन्या कायद्याच्या भाषेत दोन विमानांची टक्कर होती, आणि विमा दोघांचाही नव्हता. भाचा हसला नाही. त्याने आसारी माझ्या हातात दिली, बोटांना चिकटपट्टी गुंडाळली आणि पिवळा पतंग वाऱ्यावर सोडला. तिसऱ्या मिनिटाला समोरच्या गच्चीवरून पेच आला, दोरा सैल पडला, आणि पिवळा ठिपका छपरांवरून डुलत लांब गेला. समोर हलकडी घुमली. मी रिकामी आसारी गुंडाळू लागलो तोवर यजमानांनी त्याच्या हातात दुसरा पतंग दिला होता.